सूर्यावरील डाग आणि धरणीकंप

१८५९ सालच्या सप्टेंबरच्या दुसऱ्या तारखेस मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतील चुंबकसूची एकाएकीं विलक्षण विचलित झाली. आदल्या दिवशीं इंग्लंडांत कॅरिंग्टन या ज्योतिर्विदास सूर्यावरील डागांच्या समूहांत डोळे दिपविणारी ज्योत दिसली होती. तिची खळबळ सुमारें अठरा तासांत पृथ्वीला येऊन भिडली. कुलाब्याच्या निरीक्षकांनीं हातानें टिपलेल्या आंकड्यांवरून त्या सौरवादळाची तीव्रता पुढें शास्त्रज्ञांस अजमावितां आली.

पंधरा कोटि किलोमीटरांवरून चुंबकसूची हालविणारा सूर्य धरणी हालवीत नसेल कशावरून? ही शंका त्याही आधींची आहे. १८५३ सालीं रुडॉल्फ वोल्फ या स्विस ज्योतिर्विदानें सौर डागांचा भूकंपांशीं संबंध असावा असें सुचविलें. वोल्फ हा उथळ मनुष्य नव्हे. डाग मोजण्याच्या रूढ पद्धतीचा पाया त्यानेंच घातला. पण मोठे भूकंप थोडे आणि सूर्याची चळवळ नित्याची. तेव्हां दोहोंची कोठें ना कोठें गांठ पडावयाचीच.

१५ जानेवारी १९३४ रोजीं बिहार उद्ध्वस्त झाला. त्या अनर्थांत महात्मा गांधींना अस्पृश्यतेच्या पापाचें शासन दिसलें व रवींद्रनाथांनीं त्यास जाहीर हरकत घेतली. सूर्य मात्र त्या वेळीं जवळजवळ निष्कलंक होता. डागांचा नीचांक १९३३ सालींच होऊन गेला होता. उलट ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप डाग वाढत असतांना झाला. पण त्याचें कारण शास्त्रज्ञ शिवाजीसागराच्या पाण्यांत शोधतात, सूर्यांत नव्हे.

अर्थात् दोन दाखल्यांनीं निवाडा होत नाहीं. २०१३ सालीं लव्ह आणि थॉमस यांनीं मोठे भूकंप हे सौर डाग, सौरवारा व चुंबकीय खळबळ यांच्याशीं ताडून पाहिले. भरंवशाचा संबंध आढळला नाहीं. २०२० सालीं कांहीं संशोधकांनीं सोहो यानाच्या सुमारें वीस वर्षांच्या नोंदींवरून उलट सांगितलें : सौरवाऱ्यांतील प्रोटॉन दाट झाले कीं मोठे भूकंप वाढतात. विजेच्या प्रभावानें खडकांतील स्फटिक किंचित् आकुंचन-प्रसरण पावून ताणलेला खडक सुटत असावा, असा त्यांचा तर्क आहे. तर्क चतुर खरा. पण चंद्रसूर्यांच्या आकर्षणाचा ताण खडकांवर रोज पडत असूनही त्याचा भूकंपांवरील परिणाम मोठ्या कष्टानें दिसतो. सौरवाऱ्यानें तेवढाही ताण पडतो, हें अद्याप सिद्ध व्हावयाचें आहे.

कुलाब्याचें चुंबकीय काम १९०४ पासून अलिबागेस सुरू झालें, कारण मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येऊं घातल्या होत्या. तेथें चुंबकीय नोंद आजही घेतली जाते.