परदेशात शेतावर 'व्हॉलंटियर' म्हणून जायचंय? एजंटला पैसे देण्याआधी एवढं समजून घ्या

"परदेशात सेंद्रिय शेतावर काम करा, राहणं-जेवण फुकट, व्हिसाचं आम्ही बघतो." असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर कधीतरी आला असेल. यातलं राहणं-जेवणाचं खरं असू शकतं, तशी पद्धत जगात आहे आणि ती जुनी आहे. घोळ असतो तो शेवटच्या तीन शब्दांत. म्हणून ही पद्धत काय आहे, कोण जाऊ शकतं आणि पैसे कुठं बुडतात, ते नीट बघू.

पहिली गोष्ट म्हणजे व्हॉलंटियर हा नोकर नाही. स्वयंसेवकाला पगार नसतो. कुणी महिन्याचा आकडा सांगून वर त्याला 'व्हॉलंटियर व्हिसा' म्हणत असेल, तर दोन्हीपैकी एक गोष्ट खोटी आहे.

'वूफ' म्हणजे काय?

या प्रकारातलं सगळ्यात माहितीचं नाव म्हणजे वूफ. १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कोपार्ड नावाच्या बाईंनी हे सुरू केलं. त्या लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करायच्या आणि सुट्टीत शेतावर जावं असं त्यांना वाटायचं, पण ओळखीचा शेतकरी नव्हता. मग ससेक्स भागातल्या एका शेतावर शनिवार-रविवारी काम करायला जायचं ठरलं. वूफ या नावाचा मूळ अर्थच 'सेंद्रिय शेतावर शनिवार-रविवारचं काम' असा होता. पुढं ते अनेक देशांत पसरलं आणि नावाचा अर्थही बदलून घेतला गेला.

व्यवहार साधा आहे. तुम्ही दिवसाचे साधारण चार ते सहा तास खुरपणी, कंपोस्ट, तोडणी, गुरांचं चारापाणी करायचं; शेतकरी तुम्हाला जेवण आणि झोपायला जागा देणार, आणि काम शिकवणार. पैसे कुणीच कुणाला द्यायचे नाहीत. प्रत्येक देशाची वेगळी संस्था असते, तिची सभासद फी भरली की शेतांची यादी मिळते. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा सगळं ज्याचं त्यानं बघायचं. वूफ कुणाला व्हिसा काढून देत नाही. त्यामुळं 'वूफचा व्हिसा' विकणारा माणूस भेटला तर तिथूनच राम राम करा.

खरी अडचण व्हिसाची

आपल्याला वाटतं, पगार घेत नाही म्हणजे टुरिस्ट व्हिसा चालेल. बऱ्याच देशांत तसं नाही. कामाच्या बदल्यात जेवण-मुक्काम मिळाला तरी त्याला कामच धरतात. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथं पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला स्वयंसेवा करता येते, पण जास्तीत जास्त ३० दिवस, आणि तीही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी. एखाद्याचं खासगी शेत यात बसत नाही. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं आणि तुम्ही "शेतावर कामाला आलोय" म्हणालात, तर तिथूनच परत पाठवू शकतात. ती नोंद पुढं कुठल्याही देशाचा व्हिसा मागताना आडवी येते. एजंट शिकवतो, "फिरायला आलोय असं सांगा." खोटं बोलून पकडला जाणारा माणूस तो नसतो, तुम्ही असता.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट तर वाचण्यासारखी आहे. सुट्टीवर येऊन काम करणाऱ्या परदेशी तरुणांना तिथं 'वर्किंग हॉलिडे' व्हिसा मिळतो, आणि खेड्यात ठरावीक दिवस शेतकाम केलं की दुसरं वर्ष वाढवून मिळतं. आधी यात बिनपगारी कामही मोजायचे. मग लक्षात आलं की काही शेतमालक व्हिसाच्या आशेवर असलेल्या पोरांकडून फुकटात राबवून घेताहेत. २०१५ साली सरकारनं नियम बदलला आणि दुसऱ्या वर्षासाठी फक्त पगारी काम धरायला सुरुवात केली. सेंद्रिय म्हणा, शाश्वत म्हणा, फुकटचा गडी सगळ्यांनाच आवडतो.

भारतीयांसाठी हा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा २०२४ पासून खुला झाला आहे. वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा, निवड सोडतीनं. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण आणि कामापुरतं इंग्रजी लागतं. सोडत ऑस्ट्रेलिया सरकारच्याच वेबसाइटवर होते. "सोडतीत नंबर लावून देतो" असं कुणाच्याही हातात नाही.

आपल्याला खरंच जमण्यासारखे रस्ते

नाव ऐकून फसू नका, काही योजना आपल्यासाठी नसतातच. अमेरिकेची 'पीस कोअर' फक्त अमेरिकन नागरिकांना घेते (१९६१ नंतर त्यांची पोरं-पोरी आपल्याकडं पंजाबात कोंबडीपालन शिकवायला आली होती, ते वेगळं). जपानच्या 'जायका'चे स्वयंसेवक जपानी नागरिकच असतात.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक विभाग मात्र भारतीयांना घेतो. त्याचं मुख्य कार्यालय जर्मनीत बॉन शहरात आहे. शेती, पाणी, उपजीविका अशी कामं निघतात आणि राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो. पण पदवी, अनुभव आणि इंग्रजी बघतात. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर एक रुपयाही फी घेत नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

गटशेती, बचत गट किंवा गावातल्या संस्थेत काम करणाऱ्यांसाठी आमच्या मते सगळ्यात चांगली जागा जपानमधल्या तोचिगी प्रांतातली आशियाई ग्रामीण संस्था. तोशिहिरो ताकामी यांनी ती १९७३ साली सुरू केली. १९९६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आशिया-आफ्रिकेतले गावपातळीवरचे कार्यकर्ते इथं नऊ महिने राहतात. भात, भाजीपाला, डुकरं, कोंबड्या, भाताच्या कोंड्यापासून 'बोकाशी' खत, आणि जे पिकवलं तेच ताटात. शिकवणं इंग्रजीतून. ख्रिस्ती पायावर उभी संस्था असली तरी इतर धर्माचे लोकही येतात. अट एकच जड आहे: तुम्हाला गावातल्या संस्थेनं पाठवायला हवं आणि शिकून परत त्याच लोकांत काम करायला हवं. तिकडंच राहायचा विचार असलेल्यानं या वाटेला जाऊ नये.

आणि पहिल्यांदाच बाहेर पडणार असाल तर नेपाळ बघा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, खर्च कमी, डोंगरउतारावरची शेती आपल्या कोकण-मावळच्या माणसाला ओळखीची वाटेल.

दोन आठवडे जाऊन तिथल्या गावाचं भलं होतं का? फारसं नाही. मादागास्कर बेटावर भाताची 'एसआरआय' म्हणजे श्री पद्धत ज्यांनी बसवली, ते फ्रेंच पाद्री आंरी द लोलानिए १९६१ साली तिथं गेले आणि १९९५ साली मरेपर्यंत तिथंच राहिले. कोवळं रोप, एकेकटं, लांब अंतरावर लावायचं हे त्यांनी शेतकऱ्यांच्या बांधावर वर्षानुवर्षं बघून ठरवलं. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यानं 'मी शिकायला चाललोय' एवढंच मनात धरावं.

पैसे मागितले तर

परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' पोर्टलवर मोबाईलवरूनच तपासता येतो. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दोन-तीन लाख मागणारा एजंट कायद्यात बसतच नाही, मग तो कितीही ओळखीतला असो. जमीन गहाण टाकण्याआधी किंवा दागिने मोडण्याआधी हा एक आकडा आठवा. फोन-पेवरून पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा; जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणं अवघड. परदेशातल्या नोकरीबद्दल विचारायला सरकारची टोल फ्री लाइन आहे: १८००-११-३०९०.

जाण्याआधी त्या शेतकऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोला. किती तास काम, सुट्टी कधी, झोपायला खोली की तंबू, इंटरनेट आहे का, औषध फवारावं लागेल का, हे विचारा आणि लेखी मेसेज घ्या. प्रवास विमा काढताना शेतकामातली दुखापत त्यात धरली आहे का ते वाचा, कारण बऱ्याच पॉलिसीत ती नसते. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, म्हणजे जागा आवडली नाही तर दुसऱ्या दिवशी निघता येतं.

परदेशी पाहुणा तुमच्या शेतावर येणार असेल तर

उलट बाजूही आहे. आपल्याकडंही सेंद्रिय शेतांवर परदेशी लोक राहायला येतात. भारताच्या टुरिस्ट व्हिसावर त्यांना जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवा करता येते, तीही कुठल्याही मोबदल्याशिवाय. जेवण-मुक्काम मोबदला धरला जाईल का, हे पाहुणा येण्याआधीच परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला विचारून घ्या. तो आल्यावर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणं यजमानावर बंधनकारक आहे. घरात एक खोली दिली असली तरी हा नियम लागू होतो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा.