यंत्र हलेना, म्हणून तार ओढली

मंडळी, 'दुरून रोग्यावर लक्ष ठेवणे' म्हटलं की आपल्याला मनगटावरचं घड्याळ नि मोबाइल आठवतो. पण ही गोष्ट आपल्याला 1905 साली, हॉलंडमधल्या लायडन शहरापासून सुरू करावी लागते.

तिथले प्राध्यापक विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाचा विद्युत आलेख काढणारं यंत्र केलं होतं. वजन सुमारे 270 किलो, चालवायला पाच माणसं. ते रुग्णालयात न्यायचं कसं? मग टेलिफोनची तार कामी आली. रोगी रुग्णालयात, हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले, आणि आलेख उमटतोय दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत! म्हणजे काय, तर रोगी लांब होता म्हणून नव्हे, यंत्र जड होतं म्हणून ही विद्या जन्मली.

पुढे अमेरिकेत मोंटानाच्या नॉर्मन होल्टर यांनी वेगळाच प्रश्न विचारला. स्वस्थ पडलेल्या माणसाचा आलेख त्याच्या रोजच्या धावपळीबद्दल काय सांगणार? 1940च्या दशकात त्यांचं रेडिओ-यंत्र पाठीवर घ्यावं लागे. वजन सुमारे 38 किलो. पुढे ते खिशाएवढं झालं. 'होल्टर लावलाय' असं आपण आज म्हणतो, ते त्यांचंच नाव.

आता तारेच्या जागी इंटरनेट आलं. क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं बरं का. कुठल्याशा इमारतीत रांगेनं मांडलेले संगणकच ते. रक्तदाब, साखर, नाडी यांचे आकडे तिथे जातात, आणि मर्यादा ओलांडली की इशारा येतो.

पण लायडनला तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला होता. आज आकडा साठतो, पण तो कोणी पाहिलच अशी खात्री नाही. शिवाय आकडाही चुकतो. 2020च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की ऑक्सिमीटरमधून निसटणारी प्राणवायूची घट कृष्णवर्णीय रोग्यांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळली. आपण सावळ्या कातडीच्या माणसांनी हे विसरून चालणार नाही.

त्याच वर्षी महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आरोग्यसेवक दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरले. यंत्र तळहातावर मावणारं होतं. पण आकडा बघून "चला, दवाखान्यात जाऊ" म्हणणारं माणूस समोर उभं होतं. शंभराहून अधिक वर्षांत आपण यंत्र हलकं केलं. तो आकडा वाचण्याची जबाबदारी मात्र हलकी झालेली नाही.