रामदासच्या साली

आमच्याकडे रेवस-मांडव्याच्या पट्ट्यात जुन्या माणसाला वय विचारलं, तर तो आकडा सांगत नसे. "रामदास बुराली तवा मी रांगत होतू," म्हणे. कुणाचं लग्न रामदासच्या आदल्या साली झालेलं, कुणाची विहीर रामदासनंतर तीन वर्षांनी खणलेली. लहानपणी मला वाटायचं की रामदास हा गावातलाच कुणी मोठा माणूस असावा, गेला म्हणून सगळे त्याची आठवण काढतात. ती आगबोट होती हे मला आजीने सांगितलं. आपला पाठचा भाऊ त्या बोटीवर होता, हेही तेव्हाच सांगितलं.

आजीच्या तोंडी तारीख कधी आली नाही. ती मी पुढे वाचून जोडून घेतली: १७ जुलै १९४७, गुरुवार. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून बोट रेवसला निघाली. वाट जेमतेम दीड तासाची. गटारीचे दिवस असल्याने गिरगाव, परळ, लालबागचे चाकरमानी आणि गिरणीवाले घराकडे निघाले होते. बोट १९३६ साली इंग्लंडात बांधलेली होती. स्वदेशीच्या दिवसांत कोकणी माणसाने पदरचे पैसे घालून जी कंपनी उभी केली, तिची ही बोट. लोक प्रेमाने तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत आणि तिच्या बोटींना संतांची नावं असत. 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ला एकाच दिवशी गेल्या होत्या. तरी माणसं बोटीने जातच राहिली, कारण घराकडे यायला दुसरी वाट नव्हती.

काशाच्या खडकाजवळ वारा फिरला. आमच्या गावचा एक जण त्यातून वाचला होता. तो सांगे की पाऊस एका अंगाने झोडपायला लागला, तशी माणसं दुसऱ्या अंगाला सरकली, पोरं पोटाशी धरून, गाठोडी सांभाळत. त्याच वेळी मोठी लाट आली आणि बोट कलंडली ती सावरली नाही. सहाशेंच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला दुपार टळेपर्यंत पत्ता नव्हता. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा तरंगत्या कड्याला धरून किनाऱ्याला लागला आणि मग शहराला कळलं. आमच्या बाजूने मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी ती तशीच पाण्यात लोटली आणि माणसं होड्यांत ओढून घेतली. त्या कोळ्यांबद्दल बोलताना आजी नकळत हात जोडायची.

आजीचा हा भाऊ चोवीस वर्षांचा, परळच्या एका गिरणीत साच्यावर कामाला. घरी त्याची बायको होती, माझ्या वडिलांची मामी, म्हणून आमची मामीआजी. मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा. त्या दिवशी रेवसच्या धक्क्यावर पणजोबा संध्याकाळपर्यंत उभे होते. वादळामुळे बोट सुटलीच नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पुढे आठ दिवस ते किनाऱ्याने चालत राहिले, वाटेत लागलेलं प्रत्येक प्रेत उलथून पाहत. पाण्यात राहिलेल्या माणसाला चेहरा उरत नाही. ओळख पटायची ती करगोट्यावरून, गोंदणावरून, शर्टाच्या शिवणीवरून. कितीतरी घरांना आपलं माणूस तसं तरी सापडलं. पणजोबांना नाही सापडलं.

त्यानंतर एकोणतीस दिवसांनी देश स्वतंत्र झाला. शाळेवर झेंडा लागला. साखर वाटत फिरणारे मास्तर आमच्या पणजोबांच्या ओटीवर आले, पुडी ठेवली आणि एक शब्द न बोलता गेले. त्या वर्षी श्रावण अधिक होता. श्रावण सरले, भाद्रपद गेला, दसरा आला, तरी त्या घरात मासळी शिजली नाही. समुद्रातलं काही तोंडात घालायला कुणाचं मन होईना.

बुडालेल्यांची मोजदाद सरकारने केली. मागे राहिलेल्यांची कुणी केली असेल असं मला वाटत नाही. तरुण विधवा किती, बापाला न पाहिलेली पोरं किती, मुंबईच्या मनीऑर्डरवर चालणारी किती घरं एका सकाळीत बंद पडली, हे त्या त्या गावालाच ठाऊक. आणि ती गावं बोलली तीही फक्त ओट्यावर, तिन्हीसांजेला.

मामीआजीने कुंकू पुसलं नाही. प्रेत नाही तर मरण कसलं, असं तिचं म्हणणं. पोहणारा माणूस, कुठेतरी लागला असेल. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबावं असं शास्त्र सांगतं, आणि ती खरोखर बारा वर्षं थांबली. या काळात मजुरीने भात लावलं, मिठागरात टोपल्या वाहिल्या, मुलाला शाळेत घातलं. मग १९५९ साली भटजींनी पळसाच्या ३६० देठांचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि खाडीच्या काठी मुलाने त्याला अग्नी दिला. बाप कसा दिसत होता ते त्याला माहीत नव्हतं. घरात फोटो नव्हता. देठांचा तो पुतळा हेच त्याने पाहिलेलं वडिलांचं रूप.

घरात आजीच्या भावाची एक ट्रंक होती. रामदासच्या साली दसऱ्याच्या सुमारास खानावळवालीने गावच्या माणसाबरोबर ती धाडली होती. पत्र्याची, हिरवा रंग उडालेली, वर पितळी कुलूप. किल्ली तो करगोट्याला बांधत असे. कुलूप तोडू या, आत पैसे असतील, पोराला कामाला येतील, असं दीर म्हणाले, सासू म्हणाली. मामीआजीचं उत्तर एकच: "किल्ली त्यांच्याकडं हाय." बारा वर्षांनी कुंकू पुसलं, तेव्हाही ट्रंकेला तिने हात लावू दिला नाही. मी लहान असताना त्या ट्रंकेवर गोधड्यांची चळत असायची. दिव्याच्या अवसेला मात्र गोधड्या उतरायच्या, ट्रंक ओल्या फडक्याने पुसली जायची आणि घासलेल्या समया तिच्यावर मांडल्या जायच्या. त्या घरची पूजा पाटावर कधी झालीच नाही.

मामीआजी २००९ साली गेली, ऐंशीच्या पुढची होऊन. तेरावं झाल्यावर काकांनी, म्हणजे त्याच मुलाने, मला हाक मारली. "तू लिहितोस ना, बस इथं." लोहाराला बोलवायची गरज पडली नाही. खाऱ्या हवेने कुलूप इतकं खाल्लं होतं की हातोडीच्या दुसऱ्या घावाला कडी निखळली.

आत पैसे नव्हते. दोन धोतरं, घडीवर पिवळी पडलेली. गिरणीचा पास. साबणाचा सुकून तडकलेला तुकडा. दोन कोरी पोस्टकार्डं. खानावळीच्या जेवणांचा हिशेब ठेवलेली एक छोटी वही, त्यात रोजच्या दोन वेळांच्या दोन रेघा. जुलैच्या पानावर सोळा तारखेच्या रात्रीची रेघ होती आणि खाली पान मोकळं होतं. काकांनी ते पान बराच वेळ धरून ठेवलं. मग तळाशी हात घालून त्यांनी एक कंगवा काढला, लाकडी, बारीक दातांचा. दातांत सात-आठ केस अडकलेले होते.

काका तेव्हा बासष्ट वर्षांचे. डोकं पूर्ण पांढरं. ते कंगवा घेऊन खिडकीशी गेले, उजेडात धरला आणि मला म्हणाले, "बघ रे, किती काळे आहेत."