गार्डनटनचं लाकडी चर्च

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, अमेरिकेच्या सीमेला जवळजवळ टेकून गार्डनटन नावाचं एवढंसं गाव आहे. नोकरीच्या निमित्तानं त्या भागात मी काही वर्षं काढली. तिथलं सेंट मायकेल चर्च 1899 चं. युक्रेनियन ऑर्थोडॉक्स लोकांनी कॅनडात बांधलेल्या चर्चांपैकी आज उभं असलेलं सगळ्यांत जुनं. बांधलेलं म्हणजे कंत्राटदार लावून नव्हे, गावकऱ्यांनी कुऱ्हाड घेऊन.

हे शेतकरी मूळचे बुकोविनाचे. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात. वाटण्या होऊन होऊन जमिनीच्या पट्ट्या उरलेल्या, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. रान जमीनदाराचं, काटकीसुद्धा विकत घ्यायची. इकडे कॅनडा सरकार 10 डॉलर फी घेऊन 160 एकर देत होतं. अट एवढीच, की 3 वर्षं राहून जमीन कसायची. 1896 पासून ही कुटुंबं स्टुअर्टबर्नच्या आसपास उतरली. बाकीचे लोक मोकळं माळरान शोधत होते, तर यांनी झाडं असलेली जमीन हौसेनं घेतली. लाकूड मिळालं खरं, पण झाडांखाली निघाले धोंडे आणि दलदल. वेचलेल्या धोंड्यांचे ढीग शेतांच्या कडेला अजून दिसतात.

पुष्कळांचा पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या खोपटात गेला. बाहेर उणे 30. स्वतःचं धड घर नसताना या माणसांनी 3 वर्षांच्या आत देवाचं घर उभं केलं! ओंडक्यांना कोपऱ्यात खाचा पाडून ते एकमेकांत बसवले. वर गवताचं छप्पर. घुमट वगैरे पुढचे. त्यांची राहती घरंही ओंडक्यांचीच, आतून-बाहेरून मातीत गवत कालवून लिंपलेली. ते ऐकलं आणि मला आमच्या आजीचे कोपरापर्यंत माखलेले हात आठवले.

चर्च झालं, पण पाद्री कुठून आणायचा? रशियन मिशनचा पाद्री अमेरिकेकडून फिरतीवर यायचा, तोही कधीतरी. एरवी ज्याचा गळा बरा आणि ज्याला प्रार्थना पाठ, तो गावकरी पुढे उभा राहायचा. माझ्या मते ही चर्चं टिकली ती या माणसांमुळे. पाद्री आले तशी भांडणंही आली. अल्बर्टात स्टार नावाच्या वस्तीत एकाच चर्चवर ग्रीक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स, दोघांनी हक्क सांगितला. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. ताईमहाराज प्रकरण गेलं तेच ते कौन्सिल! लाकडी चर्चसाठी शेतकऱ्यांनी एवढा खर्च कसा पेलला असेल, देव जाणे.

1914 साली युद्ध पेटलं आणि कागदावर हे सगळे ऑस्ट्रियाचे, म्हणजे शत्रू ठरले. देशभरात 80 हजारांवर लोकांना नोंदणी करून हजेरी द्यावी लागली. साडेआठ हजारांच्या वर छावण्यांत डांबले गेले, त्यांत युक्रेनियनच जास्त. याबद्दल जुनी माणसं फार बोलत नाहीत.

मी राहत होतो तिथून जवळ असंच एक छोटं चर्च होतं. किल्ली शेजारच्या म्हातारीकडे. तिला सगळे 'बाबा' म्हणत. त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे आजी. मला हे अंगवळणी पडायला वेळच लागला. ईस्टरनंतर एके दिवशी सगळे तिथल्या कबरींवर जमत, प्रार्थना होई, आणि तिथंच पाव, अंडी वाटून खात. आपल्या पितरांचं जेवण, फक्त पंगत मेलेल्यांच्या शेजारी. मी पाहिलं त्या वर्षी 14 माणसं होती, त्यांतली 11 विनिपेगहून गाडीनं आलेली.

छप्पर गळत होतं. शहरातल्या पोरांचं म्हणणं, मूर्ती म्युझियमला देऊन टाका, इमारत पडेल तेव्हा पडेल. 'मूर्ती' म्हणजे लाकडावर रंगवलेली देवचित्रं, काही आज्यांनी पेटाऱ्यात घालून बुकोविनाहून आणलेली. बाबा कुणाशी वाद घालत बसली नाही. तिनं कोंबड्या विकल्या, चुलतभावाकडून शिडी आणली आणि मला विचारलं, "तुला वर चढता येतं का रे?"

त्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी मिळून उत्तरेची बाजू झाकली. दक्षिणेची अजून राहिलीय.