अद्भुताचा आडोसा

इंग्रज ज्याला नॉव्हेल म्हणतो त्याला मराठी माणूस कादंबरी म्हणतो. हे नाव आले कोठून? सातव्या शतकात हर्षराजाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाच्या संस्कृत कथेतील नायिकेचे हे नाव. त्या कथेत एक तरुण तपस्वी विरहाने प्राण सोडतो, त्याची प्रिया त्याच्या भेटीच्या आशेवर व्रतस्थ राहते, शापाने माणसे पुन्हा जन्म घेतात आणि ही हकीकत एक पोपट राजाला सांगतो. प्रेम, मृत्यू आणि अद्भुत ही तिन्ही तेथे एकाच धाग्यात ओवलेली आहेत. कोणी शहरातील एखाद्या वाड्यात भूत घातले, त्या वाड्यात खून घडविला आणि त्या खुनाच्या तपासात दोन जीव एकमेकांत गुंतविले, की आपल्यातील जाणती मंडळी नाक मुरडतात आणि हे सारे विलायतेहून आले असे म्हणतात. त्यांनी आपल्या कादंबरीचे नुसते नाव जरी उलगडून पाहिले तरी पुष्कळ होईल.

तथापि नावावरून सिद्धांत काढणे बरे नव्हे. इतिहास काय सांगतो ते पाहू. मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान बहुधा बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ या पुस्तकाला दिला जातो. ते १८५७ सालचे. विधवांची दुःस्थिती हा त्याचा विषय, आणि तो डोळ्यांसमोरच्या समाजातून घेतलेला. म्हणजे आरंभ वास्तवाने झाला. पण त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. या कादंबऱ्यांत राजवाडे आले, अरण्ये आली, कपटी माणसे आली, ताटातुटी आणि पुनर्भेटी आल्या. वाचकांनी त्या डोक्यावर घेतल्या. वास्तवाची वाट डोळ्यांसमोर असताना आमचे लेखक अद्भुताच्या रानात का शिरले?

याचे उत्तर रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेतच देऊन ठेवले आहे. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा की, आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या नित्याच्या आयुष्यात रंजक असे फारसे काही घडत नाही. रोजचे अनुभव लिहावेत तर वाचक कंटाळणार, म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताकडे वळावेच लागते. आमच्या मते मराठी कादंबरीच्या इतिहासातील हे फार प्रामाणिक वाक्य आहे.

त्या काळचे लग्न म्हणजे काय होते? मुलगी आठ-दहा वर्षांची, मुलगा तिच्याहून थोडा मोठा, ठरविणारे वडीलधारे. प्रेमात पडण्याचे वय येण्यापूर्वीच सारे ठरून गेलेले असे. संमतीचे वय दहावरून बारावर नेण्याचा कायदा १८९१ साली झाला, तर त्यावरून केवढे रण माजले! त्याआधी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या बाईने जाणत्या वयात नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८७ साली न्यायालयाने नांदावयास जा, नाही तर तुरुंगात जा, असा हुकूम दिला, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली आणि पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. जेथे प्रौढ स्त्रीने मनातील गोष्ट बोलून दाखविली तर तिच्यापुढे तुरुंग उभा राहतो, तेथे कादंबरीतील नायिकेने ती बोलावी कोठे? कल्पित राज्यातील राजकन्येने बोलावी, हा तोडगा होता. अद्भुत हा त्या लेखकांनी प्रेमासाठी उभा केलेला आडोसा होता. पदमनजींना वैधव्य प्रत्यक्षातून उचलता आले, कारण ते घरोघर होते. प्रेमाला मात्र राहावयास घर नव्हते.

पुढे अद्भुताने मुक्काम हलविला. युरोपात तो आधीच हलला होता. १८४२ साली पॅरिसमध्ये युजेन स्यू याने त्या शहराची रहस्ये वृत्तपत्रातून क्रमशः सांगावयास घेतली, आणि १८४४ पासून रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाने लंडनची रहस्ये सांगितली. हा रेनॉल्ड्स आपल्याकडे अतोनात वाचला गेला. हरिभाऊ आपट्यांसारख्या वास्तववादी लेखकाची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) हीसुद्धा रेनॉल्ड्सच्या एका कादंबरीवरून स्फुरलेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हरिभाऊंनी त्यातून आपल्या पुण्याचे चित्र काढले. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्यांतून रहस्य आणि साहस यांना मराठी वेष दिला.

शहराला रहस्य का लागते? खेड्यात प्रत्येकाची सात पिढ्यांची माहिती प्रत्येकाला असते. शहरात भिंतीपलीकडे कोण राहतो हे कळत नाही. आपल्या नाशिकरोडचेच पाहा. १८६५ साली थळ घाटातील लोहमार्ग पुरा झाला आणि मुंबईची गाडी इकडे थेट येऊ लागली. १९२५ साली येथे नोटा-तिकिटांचा सरकारी छापखाना आला. चहूकडची माणसे पोटासाठी येथे आली आणि परक्यांचे शेजारी झाली. अशा वस्तीत भीतीही नवी असते आणि प्रेमही नवे असते, कारण दोन्ही अनोळखी माणसापासून सुरू होतात.

या नव्या भीतीचा कथाकार म्हणजे बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६). मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारांहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. त्यांचा काळापहाड आणि झुंजार एका पिढीच्या घरातली माणसे झाली. झुंजारबरोबर त्याची पत्नी विजया असते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. रिसबुडांच्या काळी ज्या लग्नात लेखकाला रस सापडत नव्हता, त्याच लग्नातील जोडपे आता साहसात सोबत दिसू लागले. तेवढ्या ऐंशी-नव्वद वर्षांत घर बदलले होते. नंतर नारायण धारप (१९२५–२००८) यांनी ओळखीच्या घरांत आणि रोजच्या व्यवहारात भय आणून बसविले. गुन्हेगाराशी पोलीस लढतो, पण ज्याला पोलीस पकडू शकत नाही अशा दुष्टतेशी लढण्यासाठी त्यांनी ‘समर्थ’ निर्माण केला.

या साऱ्या लेखनाची भलावण करावी असा आमचा हेतू नाही. त्यात उसनवारी पुष्कळ आहे. परक्या कथेला मराठी नावे देऊन मूळ लेखकाचा उल्लेख टाळणे हा दोष जुनाच आहे. घाईने लिहिलेली पाने आहेत, ठोकळेबाज खलपुरुष आहेत. पण समाजाला उघडपणे काय बोलता येत नव्हते, याचा पुरावा हवा असेल तर तो सभ्य ग्रंथांपेक्षा या पुस्तकांत अधिक सापडतो.

आणि हा पुरावा नाहीसा होत आहे. चांगल्या बांधणीचा ग्रंथ कपाटात सुखाने राहतो, कारण त्याला कोणी हात लावीत नाही. रहस्यकथा मात्र हातोहात फिरते, तिची पाने सुटतात, मुखपृष्ठ जाते आणि एके दिवशी ती रद्दीत पडते. लोकांनी जे अधिक वाचले तेच आधी नष्ट होते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत प्रसिद्ध करणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ या विषयावर निबंध लिहिला. गावोगावच्या माळ्यांवरून दप्तरे गोळा करणाऱ्या या पुरुषाला कादंबरी हा विचार करण्याजोगा विषय वाटला, यात आपण काही शिकण्यासारखे आहे.

आपल्या जिल्ह्यात नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. ‘मुक्तामाला’ निघाली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. अशा संस्था असलेल्या जिल्ह्यातील वाचकांना आमची एक विनंती आहे. घरी ट्रंकेत, माळ्यावर, आजोबांच्या कपाटात झिजलेली रहस्यकथा, शेवटचे पान नसलेली अद्भुत कादंबरी सापडली, तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. तिच्यावर साल आणि मालकाचे नाव असेल तर ते टिपून ठेवा आणि ती वाचनालयात नेऊन द्या. शेवटचे पान कदाचित दुसऱ्या कोणाच्या ट्रंकेत असेल.