विजारीची चेन

आपण जिला सरसकट ‘चेन’ म्हणतो, ती झिप विजारीवर रुळायला चाळीस वर्षे लागली. अमेरिकेत व्हिटकोम्ब जडसन यांना १८९३ साली पेटंट मिळाले, पण त्यांचे हूक बुटांसाठी होते आणि भलत्या वेळी सुटत. विजारीला हे कसे परवडावे? तिथे काजबटणेच राहिली.

कोडे सोडवले स्वीडनहून आलेल्या गिडिऑन सुंडबॅक या इंजिनिअरने. १९११ मध्ये त्यांची पत्नी वारली आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. १९१३ अखेर उत्तर सापडले. इंचाला चारऐवजी दहा दात, प्रत्येक दाताला एका बाजूस उंचवटा, दुसऱ्या बाजूस खळगा. उंचवटा शेजारच्या खळग्यात बसला की दात आपोआप सुटत नाहीत. १९१७ मध्ये पेटंट मिळाले. ‘झिपर’ हे नाव गुडरिच कंपनीने १९२३ मध्ये आपल्या रबरी बुटांना दिले. पुरुषांच्या विजारीत झिप शिरली ती १९३० च्या दशकात.

शिंप्यांनी मात्र बटणे झाकणारी जुनी घडी सोडली नाही. घरी विजार शिवताना तीच आठवावी. चेन मधोमध लावू नये. आधी उघडा भाग कच्च्या टीपेने बंद करावा. चेनची एक कड खालच्या कापडाला शिवावी, दुसरी फक्त आतल्या पट्टीला; म्हणजे वरचे कापड दातांवर येते. मग बाहेरून वळणदार टीप घालावी आणि तळाशी, जिथे ताण येतो, दोनचार टाके जास्त. दात इंजिनिअरचे, अब्रू राखणारी घडी मात्र शिंप्याची!