पावसाच्या भरवशावरची भूमी

बायबलची भूमी आकाराने लहान आहे. उत्तरेस दान आणि दक्षिणेस बैरशेबा ही तिची परंपरेने मानलेली टोके. त्यांमधील अंतर सुमारे २४० किलोमीटर. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर वसले आहे, तर पूर्वेकडील मृत समुद्राची पातळी समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली आहे. यरुशलेमाहून यरीहोकडे उतरणारा वाटसरू एका दिवसात ऑलिव्हच्या बागा मागे टाकून ओसाड रानात येतो.

या भूमीला नाईल अथवा फरात यांसारखी पोशिंदी नदी नाही. यार्देन खोल दरीतून वाहते. डोंगरावरील शेतांना तिचा उपयोग नाही. पीक उभे राहते ते ऑक्टोबर ते एप्रिल या काळातील पावसावर. ‘अनुवाद’ या ग्रंथात मिसरची पाटाच्या पाण्याची शेती आणि वचनदत्त देशातील आकाशाधीन शेती यांचा भेद स्पष्ट केलेला आहे. जेथे पाणी आकाशातून येते, तेथे पाऊस ही देवाशी असलेल्या नात्याची कसोटी ठरते. १९२९ पासून सीरियातील उगारित येथे झालेल्या उत्खननात बआल या मेघदेवतेच्या कथांच्या मृत्तिकापट्टिका सापडल्या. संदेष्ट्यांनी बआलपूजेविरुद्ध एवढा तीव्र संघर्ष का केला, हे त्यांवरून उमगते. पाऊस कोण पाडतो, हा तेथे पोटाचा प्रश्न होता.

मराठी बायबलात ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ पाऊस असे शब्द आले आहेत. ते नेमके वाटतात, परंतु त्यांतील ऋतू निराळा आहे. तेथील आगोट शरदात येऊन पेरणीला वाट करून देते. आणि आपल्याकडे पावसाळ्याची वर्दी देणारा वळीव तेथे वसंतात पावसाळ्याची अखेर करतो व कणसे भरतो. गेजेर येथे १९०८ मध्ये सापडलेल्या इसवी सनपूर्व दहाव्या शतकातील शिलालेखात बारा महिने शेतीच्या कामांनीच मोजलेले आहेत.

मिसर आणि मेसोपोटेमिया यांना जोडणारा मार्ग याच भूमीवरून जात असल्याने दुष्काळाइतकेच भय सैन्यांचे होते. इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन अश्शूरांच्या हाती पडले. यरुशलेमवरही तीच वेळ येणार हे ओळखून राजा हिज्कीया याने गीहोन झऱ्याचे पाणी खडकातून कोरलेल्या ५३३ मीटर लांबीच्या बोगद्याने नगरात आणले. १८८० मध्ये तेथे सापडलेल्या लेखात ना राजाचे नाव आहे, ना देवाचे. दोन टोकांकडून खोदत आलेल्या कामकऱ्यांना खडकापलीकडून एकमेकांचे आवाज ऐकू आले, तो क्षण मात्र त्यात नोंदलेला आहे.

इसवी सनपूर्व ७०१ च्या अश्शूरी वेढ्यातून यरुशलेम वाचले. ५८६ मध्ये बाबेलपुढे ते टिकले नाही. भूमी सुटली, पण तिचे ऋतू ग्रंथात आणि प्रार्थनेत राहिले. शरदातील मंडपांच्या सणाच्या शेवटी जगभरचे यहुदी आजही पावसासाठी प्रार्थना करतात. कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या दारी त्या वेळी पावसाळा सरत आलेला असतो आणि भात कापणीला आलेले असते. ही प्रार्थना समोरच्या शेतासाठी नसते. ती दूरच्या डोंगरांवरील नांगरटीसाठी असते.